डिव्हिजन वनच्या बेसबॉल कोचेसना खुलं पत्र: सोळा वर्षांच्या पोराकडून होकार घेताय, तर तुमच्या बाजूनेही काहीतरी लिहून द्या

नमस्कार कोच,

कोच म्हणजे कोणी एक नाही. अमेरिकेत डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, तीनशेच्या आसपास कॉलेजांमध्ये बेसबॉलची टीम बांधणारे तुम्ही सगळे हेड कोच, रिक्रूटिंग सांभाळणारे तुमचे असिस्टंट, आणि तुमचे नियम बनवणारी एनसीएए, सगळ्यांनाच हे पत्र आहे.

मी मूळची इचलकरंजीची, आता बरीच वर्षं सेंट्रल न्यू जर्सीत. माझा मुलगा कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणारा) आहे, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात, म्हणजे सीनियर, २०२६ ची बॅच. ऑक्टोबर २०२४ मध्ये, ज्युनियर (अकरावीत) असताना, त्याने तुमच्यापैकी एका कॉलेजला व्हर्बल कमिट केलं, म्हणजे तोंडी होकार दिला. यंदा जुलैच्या शेवटी तिथल्या असिस्टंट कोचचा फोन आला, पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) दोन कॅचर घेतलेत, रोस्टर, म्हणजे टीमची यादी, आता ३४ चीच आहे, तेव्हा 'बाकीचे पर्यायही बघायला हरकत नाही' असं सांगून फोन ठेवून दिला. हेड कोच, जे आमच्या घरी झूमवर बसून 'वेलकम टू द फॅमिली' म्हणाले होते, ते फोनवर आलेच नाहीत. कॉलेजचं नाव मी लिहिणार नाहीये. एकाच कॉलेजचा प्रश्न असता तर त्यांनाच लिहिलं असतं. या उन्हाळ्यात आमच्या ट्रॅव्हल टीमच्या डगआउटमागे बसणाऱ्या किती आईबाबांकडून हेच ऐकलं, फक्त पोझिशन बदलायची.

हे सगळं इंग्रजीत ईमेलने पाठवून झालंय. मराठीत लिहितेय कारण एडिसन असो, डॅलस असो की फ्रीमाँट, ट्रॅव्हल बॉलच्या मैदानांवर आता आपले लोक दिसतात, आणि आपल्याकडे इंजिनियरिंग, मेडिकल कशालाही विचारायला एखादा काका-मामा असतो, या एका गोष्टीला कोणीच नसतो. पिचर कुमार रॉकरची आई भारतीय वंशाची, अर्जुन निम्मला २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (प्रो टीम नवे खेळाडू निवडतात ते) टोरंटो ब्लू जेजने पहिल्या राउंडला २० व्या नंबरवर घेतला, ही नावं आपण व्हॉट्सअॅपवर अभिमानाने फिरवतो. निम्मला फ्लोरिडा स्टेटला कमिट होता आणि तरी सरळ प्रो गेला, ते त्याला जमलं, पण ज्याला ड्राफ्टमध्ये कोणी विचारणार नाहीये अशा बाकीच्या पोरांचं कमिट होणं म्हणजे नक्की काय हे कोणी सांगत नाही. तर वाचा सगळ्यांनीच.

पहिलं गाऱ्हाणं घाईचं आहे. एप्रिल २०२३ मध्ये एनसीएएने नियम केला की ज्युनियर वर्ष सुरू व्हायच्या आधीच्या १ ऑगस्टपर्यंत कोचने मुलाशी रिक्रूटिंगचं काही बोलायचं नाही. नियम चांगलाच आहे, त्याआधी आठवी-नववीतली पोरं कमिट होत होती, ज्यांचा आवाजही धड फुटलेला नसायचा. पण झालं असं की आधी जी घाई दोन-तीन वर्षांत पसरलेली असायची ती आता ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोंबली गेलीय, ३१ जुलैच्या रात्री बारा वाजता मेसेज सुरू होतात, आणि पाठोपाठ ऑफर आणि ऑफरबरोबर तारीख. आम्हाला सांगितलं गेलं आठवड्याभरात कळवा, याच जागेसाठी आम्ही अजून एका कॅचरशी बोलतोय. पोराने तोवर डॉर्म बघितलेली नाही, इंजिनियरिंगची बिल्डिंग बघितलेली नाही, टीममधल्या एकाही मुलाशी बोललेला नाही. सोळा वर्षांचा मुलगा, त्याला अजून एकट्याने गाडी चालवायचं पूर्ण लायसन्स इथे न्यू जर्सीत मिळत नाही, आणि चार वर्षं कुठे काढायची ते आठ दिवसांत सांग म्हणे. आणि आमच्यासारख्या थंडीतल्या राज्यांत अजून एक भानगड असते. तुमचे सामने फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतात तेव्हा आमच्या शाळेच्या मैदानावर बर्फ असतो, इथला सीझन मार्च संपताना कुठे सुरू होतो, त्यामुळे तुम्ही आमच्या मुलांना बघता ते उन्हाळ्यात जॉर्जिया नाहीतर फ्लोरिडाच्या टूर्नामेंटमध्ये, चार-पाच इनिंग. मिलव्हिल, न्यू जर्सीचा माइक ट्राउट, जो पुढे मेजर लीगचा मोठा स्टार झाला, ईस्ट कॅरोलिनाला कमिट होता आणि २००९ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी २४ जण घेतले गेले. म्हणजे बघणाऱ्यांचीही चूक होते, त्यात वाईट काही नाही, पण मग तुम्हाला बघायला वेळ लागतो तसा आम्हाला विचार करायलाही लागतो ना.

दुसरं, आणि याचाच मला जास्त राग आहे. व्हर्बल कमिटमेंट कोणावरच बंधनकारक नाही हे तुम्ही प्रत्येक वेळी सांगता, कागदावर ते खरंही आहे. पण मुलाने हो म्हटलं की तुम्हीच सांगता एक्सवर पोस्ट टाक, लोगोवाला ग्राफिकही तुमच्याकडूनच येतो, आजी-आजोबांपासून हिटिंग कोचपर्यंत सगळे अभिनंदन करतात आणि त्या संध्याकाळपासून बाकीच्या कॉलेजांचे फोन बंद. बंद होणारच, दुसऱ्याच्या कमिटला हात लावायचा नाही असा तुमच्यातला अलिखित संकेत आहे, निदान मुलांना तसं सांगितलं जातं. म्हणजे मुलगा बाजारातून उठला, तुम्ही मात्र दुकान उघडं ठेवून बसलात. आमच्याकडे साखरपुडा मोडला तर निदान दोन्हीकडची चार मोठी माणसं समोरासमोर बसतात आणि कारण सांगतात, पटो न पटो. इथे एक फोन, तोही असिस्टंटचा. आणि मोडल्यावर डाग कोणाला लागतो? मुलाला. 'डीकमिट' झालेला म्हणून. पुढचा कोच आधी हेच विचारतो की तिथे काय झालं, आणि सतरा वर्षांच्या पोराने त्याचं उत्तर कोणाला वाईट न म्हणता द्यायचं असतं.

आता तिसरं, जागांचं. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण तुम्ही लोक सगळं ३४ या आकड्यावर ढकलताय.

जागा कमी झाल्यात हे मला मान्य आहे आणि त्यात सगळा दोष तुमचा नाही. मेजर लीगचा ड्राफ्ट २०१९ पर्यंत ४० राउंडचा होता, २०२१ पासून २० चा झाला. त्याच वर्षी मेजर लीगच्या क्लबांना जोडलेल्या मायनर लीगच्या टीम १६० वरून १२० केल्या. म्हणजे जी मुलं पूर्वी विसाव्या-पंचविसाव्या राउंडला निवडली जाऊन प्रो बॉल खेळायला निघून जायची त्यातली बरीच आता कॉलेजातच थांबतात. त्यात कोविडच्या मोसमाचं एक वर्ष सगळ्यांना जादा मिळालं. २०२१ पासून एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची परवानगी, २०२४ मध्ये तर अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा. पुढे ज्युनियर कॉलेजची (इथली दोन वर्षांची कॉलेजं, आपली अकरावी-बारावी नव्हे) वर्षं मोजायची की नाही यावर कोर्टकज्जे झाले आणि तिथल्याही काही मुलांना जादा वर्ष मिळालं. या सगळ्याचा अर्थ एवढाच की जूनमध्ये तुमच्यासमोर बावीस-तेवीस वर्षांची, दाढी आलेली, तीनशे-चारशे अॅटबॅट खेळलेली पोरं रांगेत उभी असतात आणि दुसऱ्या बाजूला माझा अठराचा. तुमची नोकरी जिंकण्यावर टिकते, तुम्ही कोणाला घ्याल हे कळायला मला कोच असायची गरज नाही.

पोर्टल बंद करा असंही मी म्हणत नाही. पिचर पॉल स्कीन्स एअर फोर्स अकॅडमीच्या टीममध्ये होता, तिथे कॅचिंगही करायचा, मग एलएसयूला (लुइझियाना स्टेट) बदलून गेला, २०२३ ला ओमाहात कॉलेज बेसबॉलची चॅम्पियनशिप जिंकला आणि त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये पहिला. मुलांना हलायची मोकळीक मिळाली हे चांगलंच झालं, कोच एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात हवं तेव्हा जातच होते की.

पण ३४ चं कारण मला सांगू नका. हाऊस सेटलमेंटला (खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्यातली तडजोड, ३४ ची मर्यादा तिच्यातूनच आली) न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ६ जून २०२५ ला अंतिम मंजुरी दिली आणि १ जुलैपासून ते लागू झालं हे खरं, पण बेसबॉलचा रोस्टर ३४ चा होणार हे जुलै २०२४ मध्येच जाहीर झालेलं होतं. आमच्याकडून हो घेतलंत ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. म्हणजे तेव्हा तुम्हाला आकडा माहीत होता. ४० वरून ३४ वर यायचंय हे माहीत असताना तुम्ही २०२६ च्या बॅचमध्ये जुन्याच हिशोबाने पोरं गोळा करत राहिलात, कारण जास्तीची पोरं नंतर फोन करून कमी करता येतात आणि त्याची किंमत तुम्हाला काहीच नाही. सेटलमेंटमुळे ज्यांची जागा गेली किंवा जाणार होती त्या आधीच्या खेळाडूंना आणि २०२५ च्या बॅचला कोर्टाने निदान एक दार ठेवलं, त्यांना 'डेझिग्नेटेड' म्हणून ३४ च्या बाहेर मोजता येतं. २०२६ च्या मुलांना तेही नाही.

कॅचरचं तर अजूनच सोपं गणित आहे. ३४ मधले निम्मे पिचर धरा, कॅचर तीन, फार तर चार. तीनमध्ये दोन पोर्टलमधून आले तर राहिलं काय? माझ्या मुलाचा पॉप टाइम (बॉल मिटमध्ये लागल्यापासून सेकंड बेसवरच्या मिटमध्ये पोचेपर्यंतचा वेळ, हे आता मला झोपेतही सांगता येतं) दोन सेकंदांच्या आत आहे, तो अजून कमी करायला तो गॅरेजमध्ये रोज फूटवर्क करतो, पण तीनमधून दोन गेले तर एक राहतो हे काही फूटवर्कने बदलत नाही. हे गणित आम्हाला ऑक्टोबरमध्येच सांगितलं असतं तर आम्ही वेगळं ठरवलं असतं, इतकंच.

पैशांचं थोडक्यात. आपल्या लोकांना स्कॉलरशिप म्हणजे सगळं फुकट असं वाटतं, तर तसं कधीच नव्हतं. पूर्वी बेसबॉलच्या एका टीमला मिळून ११.७ स्कॉलरशिप असायच्या आणि त्या २७ मुलांत वाटायच्या, कोणाला पाव, कोणाला अर्धी. आता सेटलमेंटमध्ये सामील झालेल्या कॉलेजांना ३४ च्या ३४ पूर्ण द्यायला परवानगी आहे, पण परवानगी म्हणजे बजेट नाही. तरी फोनवर मुलांना सांगितलं जातं की 'आता तर आम्ही पूर्ण फंडेड होणार आहोत'. होणार आहोत म्हणजे कधी, कोणासाठी, किती टक्के? विचारलं की विषय बदलतो. आणि ते कॅम्प. 'वी हॅव बीन फॉलोइंग यू' अशी ईमेल येते, खाली कॅम्पची फी, जाऊन बघावं तर दोनशे पोरं आणि तुमच्या टीमला त्या पोझिशनला जागाच नाही. यावर जास्त लिहीत नाही, प्रत्येक बेसबॉलच्या आईला हे माहितीये.

अभ्यासाचं मात्र लिहिते. आमच्या घरात कुठे जायचं याचा अर्धा निर्णय मेजरवर, म्हणजे शिकायच्या मुख्य विषयावर, होता आणि आहे. मुलाला मेकॅनिकल करायचंय. सीझनमध्ये आठवड्याला २० तासांची तुमची मर्यादा आहे, ५६ सामने आहेत, त्यात प्रवास मोजला जात नाही, आणि इंजिनियरिंगच्या लॅब दुपारी असतात, बरोबर प्रॅक्टिसच्या वेळेला. मी दर वेळी एकच विचारते, तुमच्या टीममध्ये सध्या इंजिनियरिंग करणारे किती? एक कोच हसून म्हणाले, आमच्याकडे बिझनेसचा प्रोग्रॅम फार छान आहे. उत्तर कळलं. पण 'नाही जमणार' असं सरळ सांगितलं असतं तर त्या कोचबद्दल मला आदरच वाटला असता.

यावर तुमचं म्हणणं असेल की मग डिव्हिजन थ्रीला जा, ज्युनियर कॉलेजला जा. जाऊ की. आपल्या लोकांसाठी सांगते, डिव्हिजन थ्रीत खेळाची स्कॉलरशिप नसते पण तिथे जॉन्स हॉपकिन्स, एमआयटी, एमरीसारखी कॉलेजं आहेत, आणि जॉन्स हॉपकिन्सची टीम २०२३ ला नॅशनल चॅम्पियनशिपच्या फायनलपर्यंत गेली होती. ज्युनियर कॉलेज म्हटलं की आपल्या गटगमध्ये भुवया वर जातात, पण मेजर लीगचा स्टार ब्राइस हार्पर कॉलेज ऑफ सदर्न नेवाडातून गेला आणि अल्बर्ट पुहोल्सही कम्युनिटी कॉलेजचाच. तिथून चार वर्षांच्या कॉलेजसारखं तीन वर्षं थांबावं लागत नाही, दर वर्षी ड्राफ्टला उभं राहता येतं. तेव्हा ते रस्ते कमी दर्जाचे म्हणून मी हे लिहीत नाहीये. ते रस्ते मुलाने वेळेत आणि डोळे उघडे ठेवून निवडावेत, ऑगस्टमध्ये दुसरं काही उरलं नाही म्हणून नाही.

मागण्या साध्या आहेत.

ऑफर तोंडी देता त्याच दिवशी एक पान लिहून द्या. त्यात पोझिशन, किती टक्के किंवा किती डॉलर, त्या वर्षी त्या पोझिशनला तुमच्याकडे कोणत्या वर्गाचे किती खेळाडू असतील, आणि आत्तापर्यंत त्याच बॅचमध्ये त्या पोझिशनला किती जणांना ऑफर दिलीत. बंधनकारक नसलं तरी चालेल, पण लिहिलेलं हवं. आज नियम असा आहे की मुलगा सीनियर व्हायच्या आधीच्या १ ऑगस्टपर्यंत मदतीची लेखी ऑफर देताच येत नाही, म्हणजे तोंडी मागायला वर्षभर आधी चालतं आणि लिहायला चालत नाही. एनसीएए, हा नियम तुमचा आहे, बदला. बोलता येतं त्या दिवसापासून लिहिताही येऊ द्या.

ज्युनियर मुलाला दिलेल्या ऑफरला निदान तीस दिवस द्या, आणि कुटुंबाने कॅम्पसला भेट देण्याआधी संपणारी कुठलीच ऑफर नको.

मागे घ्यायची असेल तर सीनियर वर्षाच्या आधीच्या १ जूनपर्यंत घ्या, म्हणजे मुलाला निदान एक पूर्ण उन्हाळा मिळतो. जूनमध्ये पोर्टलमधून कोण येईल ते तुम्हाला माहीत नसतं, मान्य, मग ती जोखीम तुम्ही घ्या, पोराच्या गळ्यात नको. आणि फोन हेड कोचने करायचा, आईवडील लाइनवर असताना. त्याच दिवशी बाकीच्या कॉलेजांना कळेल असं लेखी द्यायचं की निर्णय कॉलेजचा होता, मुलाचा नाही.

२०२६ च्या ज्या मुलांनी ६ जून २०२५ च्या आधी कमिट केलं होतं त्यांनाही 'डेझिग्नेटेड' धरून ३४ च्या बाहेर मोजायची सवलत द्या. ही एकाच बॅचची गोष्ट आहे, कायमची नाही.

दर वर्षी प्रत्येक कॉलेजने जाहीर करायचं की किती मुलांनी तुम्हाला कमिट केलं, त्यातली किती प्रत्यक्ष रोस्टरवर आली, किती तुम्ही सोडली आणि किती स्वतःहून गेली. बॅटिंग अॅव्हरेज तीन दशांशांपर्यंत मोजणाऱ्या खेळात हे मोजायला अवघड जाऊ नये.

माझा मुलगा सध्या दोन ठिकाणी बोलतोय. एका कोचने विचारल्याबरोबर कॅचरची नावं आणि वर्ग धडाधड सांगितले, एकाचा खांदा दुखावलाय हेसुद्धा सांगितलं. दुसरे म्हणाले, त्याची तू काळजी करू नकोस. सह्या नोव्हेंबरमध्ये सुरू होतात, आता नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (कॉलेजला बांधून घेणारं सहीचं पत्र) राहिलेलं नाही, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झालं, मदतीच्या करारावरच सही होते आणि त्यानंतर दुसरं कॉलेज संपर्क करू शकत नाही. म्हणून सहीआधी जे विचारायचं ते सगळं तो विचारणार आहे आणि मीही बाजूला बसणार आहे.

तुमच्यापैकी ज्यांना उत्तर द्यायचंय त्यांनी कृपया आकड्यांत द्या. किती कॅचर, किती टक्के, कुठल्या तारखेपर्यंत.

आपली,
एका कॅचरची आई
सेंट्रल न्यू जर्सी, ऑक्टोबर २०२५